ढब्बू कुणी पुसला?

१

"आई, ढब्बू नाहीये."

रविवारची सकाळ. डॉक्टरीण ओट्याशी चहा गाळत होती. लेकीच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणूनच तिच्या हातातली गाळणी थबकली. मनी रडते तेव्हा घर डोक्यावर घेते. ती अशी हळू बोलली की समजावं, काहीतरी खरंच बिघडलंय.

मनी पलंगावर मांडी घालून बसली होती. पुढ्यात ते हातात धरून खेळायचं छोटं यंत्र. पडद्यावर एकच ओळ: 'नवा खेळ सुरू करा'. खाली पूर्वी 'पुढे चालू' असं यायचं, ते गेलं होतं.

हा खेळ होता प्राणी गोळा करण्याचा. रानावनात, गुहेत, तळ्याकाठी हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना नावं द्यायची, वाढवायचे. यंत्रात बसवायची त्याची नवी कॅसेट आता दुकानात मिळत नव्हती, म्हणून डॉक्टरणीने गेल्या वर्षी मनीच्या वाढदिवसाला जुनी, वापरलेली आणली होती. जुन्या खेळांचा दुकानदार प्रत्येक कॅसेट आधी पुसून, मगच विकायचा. "आधीच्या पोराचं काही शिल्लक ठेवत नाही बाई, पाटी कोरी करून देतो," असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं; डॉक्टरणीला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्या कोऱ्या पाटीवर मनीने वर्षभर संसार मांडला होता. आणि त्या संसाराचा कर्ता पुरुष होता ढब्बू, गुबगुबीत पोटाचा, शेपटीवर दिवा असलेला.

"चुकून पुसलं गेलं असेल," डॉक्टरीण म्हणाली.

"चुकून नाही पुसलं जात. तीन बटणं एकदम दाबून ठेवावी लागतात. मग ते विचारतं, नक्की का? मग परत विचारतं." मनीने वर पाहिलं. "कुणीतरी मुद्दाम केलंय."

गुरुवारी संध्याकाळी अभ्यासावरून मायलेकींची जुंपली होती आणि डॉक्टरणीने खेळ काढून घेतला होता. यंत्र कपाटावर, कॅसेट निराळी. आज सकाळी तिनेच आरशाच्या टेबलाचा खण उघडून ती यंत्रात बसवून परत दिली होती. मधल्या काळात त्या खोलीत बाहेरचं एकच माणूस आलं होतं. शनिवारी दुपारभर मनीबरोबर चित्रं काढत बसलेली, खालच्या मजल्यावरची टिकली.

डॉक्टरणीने गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

२

टिकलीची आई शिवणकाम करायची. दार उघडंच असायचं, कारण उजेड जिन्यातून यायचा. टिकलीकडे असलं यंत्र नव्हतं. ती मनीच्याच यंत्रावर खेळायची, आळीपाळीने. गेल्याच आठवड्यात दोघींचं कशावरून तरी बिनसलं होतं, हेही डॉक्टरणीला आठवलं. रागाला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं.

ती उंबऱ्यातूनच बोलली. सुरुवात 'जरा विचारायचं होतं' अशी झाली. पण टिकली आईच्या मागे जाऊन उभी राहिली, खाली मान घालून, आणि त्या खाली घातलेल्या मानेने डॉक्टरणीचा तोल गेला.

"मी नाही काकू," टिकली पुटपुटली.

"मग कुणी? भुतांनी?" डॉक्टरणीचा आवाज चढला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं, जिना झाडणारी बाई झाडू धरून थांबली. "आम्ही हिला पोटच्या पोरीसारखं घरात घेतलं. पण ज्यांच्याकडे स्वतःचं काही नसतं ना, त्यांना दुसऱ्याचं बघवत नाही. लहानपणापासूनच!"

शिवणवालीने मशिनचं चाक हाताने थांबवलं. दोरा दाताने तोडला, टिकलीला आत जा म्हणाली आणि दार लावलं. उजेडासाठी दिवसभर उघडं असणारं ते दार.

वर येताना डॉक्टरणीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, आपण काहीतरी सांडून आलोय.

नवरा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. शांत, सावकाश माणूस.

"खाली गेली होतीस?" त्याने विचारलं.

"टिकलीनेच केलंय. मी चांगलं सुनावून आले."

त्याच्या हातातली झारी तिरकीच राहिली. पाणी कुंडीतून वाहून फरशीवर पसरलं, त्याच्या पायाला लागलं, तरी त्याला कळलं नाही.

३

बुधवारी दुपारी वन्सं आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. गोदामाला आग खरी लागली की लावली, हे त्या राखेकडे बघून सांगत, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती.

घरात पाऊल टाकताच त्यांनी पायातली चप्पल काढता काढता विचारलं, "घरात कोण गेलंय? सगळे असे सुतकात का?"

मनी तीन दिवस शाळेतून येऊन भिंतीकडे तोंड करून पडत होती. यंत्राला तिने हात लावला नव्हता. टिकलीशी बोलणं तुटलं होतं. नवरा जेवणात मीठ कमी असलं तरी बोलत नव्हता. डॉक्टरणीने सगळं सांगितलं. फक्त उंबऱ्यातलं शेवटचं वाक्य गाळलं.

"तू त्या पोरीला काय म्हणालीस नेमकं?" वन्संनी नेमकं तेच विचारलं.

डॉक्टरणीने सांगितलं. सांगताना ते वाक्य पहिल्यापेक्षा कितीतरी घाण वाटलं. वन्संनी पाण्याचा पेला जरा जोरातच खाली ठेवला.

"मी त्या मुलीशी बोलते. तू वरच थांब."

टिकली शाळेतून येताना जिन्यातच भेटली. वन्सं पायरीवर फतकल मारून बसल्या, जणू दमल्या होत्या. वरच्या वळणावर कठड्याआड डॉक्टरीण चोरासारखी कान लावून उभी राहिली.

"तुझं नि मनीचं भांडण कशावरून झालं गं?"

"खडूवरून." टिकलीचा आवाज बारीक झाला. "मनी म्हणाली, गुहेतल्या लढाईत खडूला आधी पाठवू. मी म्हटलं, तो लहान आहे अजून, तो मरगळतो. ढब्बूला पाठव."

"हा खडू कोण?"

"माझा. पांढरा, लांब कानांचा. मी पकडला होता, मीच मोठा केला. मनीच्या कॅसेटमध्येच राहायचा." ती थांबली. "आजी, तो पण गेला ना? मला कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं पण नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, बघा, हिला कसं माहीत."

वरच्या वळणावर डॉक्टरणीने कठडा घट्ट धरला. जिचं स्वतःचं काही नव्हतं असं ती म्हणाली होती, तिचं एकुलतं एक जे होतं, तेही त्याच कॅसेटमध्ये होतं. आणि ती पोर तीन दिवस ते दुःख दाराआड बसून गिळत होती.

वन्सं वर आल्या. "स्वतःचं लेकरू बुडवून कुणी दुसऱ्याची होडी उलटवत नाही," त्या एवढंच म्हणाल्या. "आता ती वस्तू दाखव मला."

४

वन्संनी चष्मा बदलला. कॅसेट हातात न घेता आधी मनीला जवळ बसवलं.

"डोळे मीट आणि सांग. तुझी कॅसेट दिसायला कशी?"

"हिरवी. वरच्या चित्राचा एक कोपरा उचकटलेला." मनी डोळे मिटूनच बोलत होती. "आणि मागे आईने खराब केलेली."

"मी?" डॉक्टरीण चमकली.

"आणली त्या दिवशी. दुकानाचं किमतीचं लेबल निघत नव्हतं, तू नेलपेंटच्या रिमूव्हरने घासलंस. ते प्लास्टिक पांढरट, खरखरीत झालं. मी रडले होते. मग मला आवडायला लागलं. खेळ बंद करून विचार करत असले ना, की मी ती काढून तिथे अंगठा घासायचे."

डॉक्टरणीला आठवलं. तेव्हाही मनी म्हणाली होती, 'तू माझं सगळं खराब करतेस.' परवा गुरुवारीही तेच म्हणाली होती, आणि त्यानंतर डॉक्टरीण न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ उभी राहिली होती.

वन्संनी कॅसेट उलटी केली. पाठ गुळगुळीत होती. खिडकीचा उजेड तिच्यावरून आरशासारखा घसरला.

मनीने डोळे उघडले, अंगठा त्या पाठीवर फिरवला, पुन्हा फिरवला.

"ही माझी नाहीच," ती म्हणाली.

"नाहीच," वन्सं म्हणाल्या. "ढब्बूला कुणी पुसलेलं नाही. कॅसेटच बदललीये. आणि हा कोपरा बघ. उचकटलेला आहे खरा, पण खालचा कागद कसा स्वच्छ पांढरा! वर्षभर पोरीच्या बोटांत वावरलेला कोपरा मळतो, काळा होतो. हा कुणीतरी परवा-तेरवा उचकटलाय. अगदी हलक्या हाताने."

डॉक्टरणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशा दुसऱ्या कॅसेटा कुणाकडे असतात? एकाकडेच.

"दुकानदार!" ती उठली. "त्यानेच काहीतरी केलंय. चला वन्सं."

"पुन्हा चपला घातल्यास लगेच?" वन्सं म्हणाल्या. पण त्याही उठल्या.

५

जुन्या खेळांचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळच होता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, मध्ये एक माणूस मावेल एवढी वाट. दुकानदार छोट्या ब्रशने कुठल्याशा यंत्राचे दात घासावेत तशी त्याची बटणं साफ करत होता.

वन्संनी कॅसेट काउंटरवर ठेवली. "ही तुमच्याकडची का हो?"

त्याने उचलली, उलटी केली, आणि पटकन म्हणाला, "हो, ही तर मी शुक्रवा—"

तिथेच थांबला. त्याने डॉक्टरणीकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखा त्याचा चेहरा बदलला, आणि तो ब्रश पुसायला लागला.

"शुक्रवारी काय?" डॉक्टरीण पुढे झाली. "कुणाला दिलीत?"

"गिऱ्हाइकाला."

"कुठल्या?"

"बाई, लोक माझ्याकडे लपूनछपून येतात. मोठी माणसं, दाढी पिकलेली, स्वतःसाठी खेळ नेतात आणि नातवाचं नाव सांगतात. मी कुणाचं नाव कुणाला सांगत नाही." तो अवघडला होता, पण हटला नाही. "मला विचारू नका. घरात विचारा."

"म्हणजे? आमच्या घरात चोर आहे म्हणताय तुम्ही?"

मागे डबे चाळणारे दोघेजण वळून बघायला लागले. डॉक्टरणीला रविवारचा जिना आठवला. तोच चढलेला स्वतःचा स्वर, त्याच वळलेल्या माना. ती ओठ मिटून गप्प झाली.

वन्संनी शांतपणे विचारलं, "नाव नको. एवढंच सांगा. समजा एखाद्याने कॅसेट बदलली, पण यंत्र तेच ठेवलं. तर आतले प्राणी राहतील का?"

"छे! प्राणी कॅसेटमध्ये असतात. यंत्र नुसतं डोळा. खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा."

"खेळणाऱ्या," वन्सं म्हणाल्या. मग डॉक्टरणीकडे वळल्या. "तुला माहीत होतं हे?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मला वाटायचं यंत्रात असतात."

"हं." वन्संनी कॅसेट पर्समध्ये टाकली. "चल. मला कळलं. आणि मला ते कळायला नको होतं."

६

नवरा शाळेतून आला तेव्हा दोघी टेबलाशी बसल्या होत्या. मध्ये ती हिरवी कॅसेट. त्याने ती पाहिली आणि खांद्यावरची पिशवी न काढताच बसला.

"बाळा," वन्सं त्याला म्हणाल्या, आणि हे त्या त्याला लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच म्हणत होत्या, "जळलेल्या गोदामांत मी एक शिकले. माणूस काय लपवतो त्यापेक्षा कसं लपवतो ते बघावं. ही कॅसेट ज्याने बदलली त्याने बाहेरची बाजू किती जपून केलीये! तोच हिरवा रंग शोधला. कोपरा उचकटला, तोही चित्राची घडी न मोडता. पण आत? आत काहीच नाही. यंत्र चालू करताच पोरीला कळणार, हे त्याच्या गावीही नव्हतं. टिकलीला ते ठाऊक आहे, मनीला आहे, दुकानदाराला तर आहेच. चोर असता तर एवढी रंगसफेदी कशाला केली असती? म्हणजे हा चोर नाही. वस्तू मोडली म्हणून घाबरलेला माणूस आहे. ज्याला खेळ कळत नाही, पण कागद कळतो. या घरात खेळ न कळणारी दोन माणसं आहेत. त्यातली एक तर चोर शोधत आधी खाली आणि मग दुकानापर्यंत धावली, लपवणारं माणूस असं धावत नाही. आणि दुसऱ्याला मागचा डाग कशाचा, हे ठाऊकच नव्हतं."

बाल्कनीत सांडलेलं पाणी डॉक्टरणीच्या डोळ्यांपुढे आलं.

"तू?" ती म्हणाली. "तू मला खाली जाताना... नाही, आल्यावर तरी! मी त्या पोरीला काय काय बोलून आले, आणि तू ऐकून घेतलंस? चार दिवस?"

त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हिरव्या प्लास्टिकचे दोन तुकडे, मध्ये वाकलेली पट्टी, फुगून सुटलेला चित्राचा कागद. पाठीमागे पांढरट, खरखरीत डाग.

"कुठे मोडलीस?"

तो तिच्याकडे बघेना. "शुक्रवारी वॉशिंग मशीन अडकलं होतं, मी उघडलं. तुला म्हणालो, नाणं होतं. नाणं नव्हतं."

"मशीनमध्ये कशी जाईल? मी तर खणात..." डॉक्टरीण बोलता बोलता थांबली.

गुरुवारी ती दवाखान्यातून आली ती तशीच, अंगातला पांढरा अॅप्रन न काढता मनीवर ओरडत होती. यंत्र कपाटावर ठेवलं. कॅसेट उपसून काढली. आणि हात कुठे गेला? खणाकडे नाही. हात सवयीने खिशात गेला. मग न्हाणीघर, नळ, रडणं. आणि बाहेर आल्यावर तो अॅप्रन तिने उकळत्या पाण्याच्या धुण्यात टाकला, रोगजंतू मरावेत म्हणून. खणात ठेवल्याचं तिने नंतर मनाशी ठरवलं होतं, कारण ठेवायला हवी होती तिथेच.

"तुझ्याच अॅप्रनमध्ये होती," तो म्हणाला. "मनी तुला म्हणाली होती ना, सगळं खराब करतेस. तू किती रडलीस ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. वाटलं, हे कळलं तर तू मोडशील. दुसरी आणू, कुणाला पत्ता लागणार नाही; मागचा डाग मला धुण्यातलाच वाटला. खणात ठेवली, म्हटलं तिथेच शोधशील. रविवारी तू खालून आलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. सोमवारी चार झाल्या असत्या."

"एकीचे अश्रू पुसायला दुसरीचं तोंड काळं केलंस," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

डॉक्टरणीला नवऱ्यावर रागवायचं होतं. राग कुठे सापडेना. सगळीकडे तीच होती. खिशात हात घालणारी ती, उकळतं पाणी सोडणारी ती, जिन्यात उभी राहून गरिबीवर थुंकणारी ती.

दारात मनी उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. ती आली, तिने रुमालातला मागचा तुकडा उचलला आणि अंगठा त्या डागावरून फिरवला.

"मी केलं मनी," डॉक्टरीण म्हणाली. "ढब्बू माझ्या हातून गेला."

मनीने तो तुकडा मुठीत घेतला. मग म्हणाली, "टिकलीला सांगितलंस?"

७

शिवणवालीचं दार बंद होतं. डॉक्टरणीने कडी वाजवली. आत जाताच तिने स्वतःच दार मागे लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली. मशीन चालूच होतं. ती अॅप्रनचं बोलली, खिशाचं बोलली, बदललेल्या कॅसेटचं बोलली, नवऱ्याचंही नाव घेतलं, मग ते मागे घेतलं. "त्याचं काही नाही. माझीच चूक. मी जे बोलले ते... मला माफ करा."

मशीन थांबलं. शिवणवालीने कापडाची कड सरळ केली.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही बोललात ते जिन्यात बोललात. वरच्यांनी ऐकलं, झाडूवालीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ज्या बाईचे ब्लाऊज शिवायला होते, ती कापड परत घेऊन गेली. म्हणाली, घाई नाही." तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "आणि माफी मात्र दार लावून मागताय."

डॉक्टरणीच्या कानशिलांपर्यंत आग चढली. शिक्षा कुणी ओरडून केली असती तर सोपं गेलं असतं.

तिने दार उघडलं. बाहेर जाऊन जिन्याच्या मधोमध उभी राहिली. वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन उतरत होते, ते थबकले. मग ती बोलली, रविवारी जेवढ्या मोठ्याने बोलली होती तेवढ्याच मोठ्याने.

"रविवारी मी या घरच्या मुलीला चोर ठरवलं. ती वस्तू माझ्याच हातून मोडली होती. टिकलीने काहीही केलेलं नाही. या लोकांबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं, आणि खरं असतं तरी बोलायचं नसतं."

एक दार उघडलं. दुसरं किलकिलं झालं. सगळ्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते आणि तिने तो चेहरा पदराआड, हाताआड, कशाआड नेला नाही. आजोबा काहीतरी 'हं' म्हणत बाजूने उतरून गेले. झालं. एवढंच. तिला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

मागे उंबऱ्यात टिकली येऊन उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग डॉक्टरणीकडे.

"काकू, त्या दुसऱ्या कॅसेटमध्ये पहिला प्राणी निवडावा लागतो. मनीने निवडला?"

"नाही. तिने हातच लावलेला नाही."

टिकली जरा विचारात पडली. "एकटीने निवडला तर ती चुकीचाच घेईल," ती म्हणाली, आणि पायात चपला सरकवायला लागली.

"अभ्यास झाल्यावर," आतून शिवणवाली म्हणाली. ते लेकीला उद्देशून होतं. डॉक्टरणीकडे तिने पाहिलंही नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

डॉक्टरीण जिना चढू लागली. चेहरा अजून भाजत होता. खालचं दार या वेळी कुणी लावलं नव्हतं, आणि ते उजेडासाठी उघडं होतं की आणखी कशासाठी, हे वळून बघायचं तिला धाडस झालं नाही.